कुंभार, दंतवैद्य आणि मोडलेला चेहरा

१७९४ च्या ऑक्टोबर महिन्यात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकात एक पत्र छापून आलं. सहीच्या जागी फक्त 'बी. एल.' एवढी आद्याक्षरं होती. सोबत पुण्यात काढलेल्या एका चित्राची छापील प्रत होती. चित्रातला माणूस शेतकरी जातीचा मराठा, नाव कावसजी. नाव पारशी वाटतं. इंग्रजी कानांनी मूळ नावाचं काय केलं असेल ते असो. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणं हे त्याचं काम. टिपू सुलतानाच्या कैदेत सापडल्यावर त्याचं नाक कापलं गेलं आणि एक हातही तोडला गेला. वर्षभराहून जास्त काळ तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या एका माणसाने त्याला नवं नाक बसवून दिलं.

बैल हाकणाऱ्या गरीब माणसावर एवढा राग कशासाठी, हे कळायला त्या युद्धाकडे पाहावं लागतं. १७९० ते १७९२ या काळात इंग्रज, निजाम आणि पेशवे असे तिघे मिळून टिपूवर चालून गेले होते. मे १७९१ मध्ये लॉर्ड कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणपर्यंत पोहोचला खरा, पण बैल पटापट मेले, दाणागोटा संपला, वर पाऊस सुरू झाला. जड तोफा आपल्याच हातांनी निकामी करून त्याला माघारी फिरावं लागलं. मेलकोट्याच्या बाजूला हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा येऊन मिळाल्या, आणि मराठ्यांच्या छावणीतल्या बाजारावर इंग्रजांची उपासमार टळली. तोफा ओढायला बैल, धान्य वाहायला बैल. बैलवाल्याला जरब बसवली की शत्रूची अख्खी फौज जागच्या जागी थांबते, हा हिशेब टिपूला चांगला कळत होता. कावसजीच्या नाकाची किंमत अशी ठरलेली होती.

आता त्या शस्त्रक्रियेकडे येऊ. मुंबई इलाख्यातल्या थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या दोन डॉक्टरांनी ही पद्धत प्रत्यक्ष पाहिली होती. क्रूसो पुण्यात इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्याकडे नेमलेला सर्जन. त्यांनी पाहिलेली कृती अशी. आधी मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या उरलेल्या खुंटावर बसवून, दाबून, नाकाचा घाट तयार करायचा. तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि त्याच्या कडेने रेघ ओढायची. रेघेच्या आतली कातडी सोलून काढायची, पण दोन भुवयांच्या मध्ये एक अरुंद पट्टी तशीच जोडलेली ठेवायची. त्या पट्टीतून रक्त खेळत राहतं, म्हणून कातडी मरत नाही. मग खुंटाच्या कडा ताज्या करून, भोवती चीर घेऊन, कपाळाची कातडी अर्धी पिळून खाली आणायची आणि त्या चिरेत बसवायची. शिवण नाही. पाण्यात भिजवलेला कात कापडाच्या पट्ट्यांना लावून अशा पाच-सहा पट्ट्या एकावर एक चिकटवायच्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेलं कापड ठेवायचं. दहाव्या दिवशी नाकपुड्या उघड्या राहाव्यात म्हणून मऊ चिंध्यांच्या गुंडाळ्या आत घालायच्या. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास भुवयांमधली पट्टी तोडायची, थोडी काटछाट करायची, झालं.

विड्यातला कात आणि चुलीवरचं तूप! भूल नाही, क्लोरोफॉर्म यायला अजून अर्धशतक होतं. तरी हे काम बहुतेक वेळा यशस्वी होतं, असं पत्रात स्वच्छ लिहिलं आहे. कावसजीचं चित्र काढलं जेम्स वेल्सने. तोच वेल्स, ज्याने सवाई माधवराव आणि नाना फडणिसांची चित्रं रंगवली. डॉक्टरांची नावं आपल्याला माहीत आहेत, चित्रकाराचं माहीत आहे, रोग्याचं माहीत आहे. ज्याने नाक केलं त्याचं नाव मात्र त्या पत्रात नाही. फक्त जात आहे: विटा पाडणारा, म्हणजे आपला कुंभार.

इथे हमखास कोणीतरी सुश्रुताचं नाव घेतं, आणि घ्यायलाच हवं. सुश्रुतसंहितेत नाक जोडायची कृती आहे, पण तिथे कातडी गालाची घ्यायला सांगितली आहे. कपाळाची युक्ती नंतरच्या कारागिरांची. आपल्या विषयाच्या, म्हणजे मोडलेल्या चेहऱ्याच्या, दृष्टीने त्याहून महत्त्वाचा आहे चिकित्सास्थानातला भग्नचिकित्सेचा अध्याय, म्हणजे मोडलेल्या हाडांचा. नाक चेपलं किंवा वाकडं झालं तर आत शलाका घालून ते सरळ करावं, दोन्ही नाकपुड्यांत दोन्हीकडून उघड्या असलेल्या नळ्या ठेवाव्यात, वरून कापडाने बांधावं, असं त्यात आहे. जबड्याचा सांधा निखळला तर शेकून, जागेवर बसवून, विशिष्ट बंध बांधायला सांगितलं आहे. आज कान-नाक-घशाचे डॉक्टर नाकाचं मोडलेलं हाड उचलतात ते याहून फार वेगळं नाही. प्रश्न पुढचा आहे. एवढं ज्ञान ग्रंथात असताना १७९३ साली ते वैद्याच्या हातात नव्हतं, कुंभाराच्या हातात होतं. रक्तामांसात हात घालणं कमी प्रतीचं ठरलं, तेव्हा पोथी वैद्याकडे राहिली आणि सुरी ज्यांना विटाळाची भीती उरली नव्हती त्यांच्याकडे गेली. नुसत्या अभिमानाने सुश्रुताचं नाव घेणारे हा दुसरा भाग सांगत नाहीत.

लंडनमध्ये जोसेफ कार्प्यू नावाच्या सर्जनने ते पत्र वाचलं, वर्षानुवर्षं प्रेतांवर सराव केला आणि २३ ऑक्टोबर १८१४ रोजी एका लष्करी अधिकाऱ्यावर कपाळाच्या कातडीने नाक केलं. १८१६ मध्ये त्याने यावर पुस्तक लिहिलं. १८१८ मध्ये जर्मनीच्या ग्रेफ या सर्जनने आपलं पुस्तक काढलं. युरोपभर या कृतीला 'हिंदी पद्धत' म्हणू लागले. पण तिच्यात एक उणीव होती आणि ती कळायला शंभर वर्षं गेली. कपाळाच्या कातडीखाली ना हाड, ना कूर्चा, ना आतून अस्तर. असं नाक पहिले काही महिने छान दिसतं, मग आकसत जातं, बसतं. चेहऱ्याला आकार कातडी देत नाही, खालची हाडं देतात.

त्या हाडांचा पद्धतशीर अभ्यास केला फ्रान्समधल्या लील शहराच्या रने ल फोर याने. १९०१ साली त्याचे निबंध प्रसिद्ध झाले. त्याची रीत ऐकून आजही अंगावर काटा येतो. पस्तीस प्रेतांची डोकी त्याने घेतली. काहींवर लाकडी सोट्याने घाव घातले, काही टेबलाच्या कडेवर आपटली. मग मांस उकळून काढलं आणि हाड कुठे कुठे तडकलं ते पाहिलं. त्याला दिसलं ते असं की चेहरा वाटेल तसा फुटत नाही. कवटी पुष्कळदा शाबूत राहते आणि वरचा जबडा ठरावीक रेषांवरच सुटतो. पहिली रेषा दातांच्या मुळांच्या वरून आडवी जाते. तिथे मोडलं तर वरची सगळी दंतपंक्ती टाळूसकट हलते. दुसरी नाकाच्या मुळापासून दोन्ही गालांकडे उतरते. तिसरी डोळ्यांच्या खोबणीतून जाते आणि अख्खा चेहराच कवटीपासून सुटा होतो. सव्वाशे वर्षांनंतरही अपघात विभागातला निवासी डॉक्टर केसपेपरवर 'ल फोर दोन' असंच लिहितो.

रेषा कळल्या, पण मोडलेले तुकडे पुन्हा बरोबर जागेवर आले की नाही हे कसं ओळखायचं? मांडीचं हाड असेल तर क्ष-किरण काढून पाहावं लागतं. जबड्याजवळ स्वतःची मोजपट्टी असते, ती म्हणजे दात. वरचे-खालचे दात एकमेकांवर कसे बसतात याची माणसाला जन्माची सवय असते. केसभर फरक पडला तरी त्याला कळतं. दात पूर्वीसारखे बसले की हाड जागेवर आलं असं समजायचं. तुकडे तसेच धरून ठेवायचे असतील तर दातच एकमेकांना बांधायचे. हिप्पोक्रेटिसच्या नावावरच्या ग्रंथांतही मोडक्या जबड्याचे दात सोन्याच्या तारेने किंवा दोऱ्याने बांधायला सांगितलं आहे.

म्हणून ही विद्या वाढली ती सर्जनांकडे नाही, दंतवैद्यांकडे. आणि त्या काळात दंतवैद्याला डॉक्टर कोण म्हणत होतं? दाढ उपटणारा माणूस, न्हाव्यापेक्षा जरा वरचा. १८६५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री विल्यम सुअर्ड घोडागाडीतून पडले आणि त्यांचा जबडा मोडला. नऊ दिवसांनी, ज्या रात्री लिंकनवर गोळी झाडली गेली त्याच रात्री, अंथरुणात पडलेल्या सुअर्डवर सुरीने हल्ला झाला आणि गाल फाडला गेला. अखेर त्यांचा जबडा ताळ्यावर आणला न्यूयॉर्कच्या थॉमस गनिंग या दंतवैद्याने. कडक रबराचा साचा करून तो वरच्या-खालच्या दातांमध्ये बसवायचा, समोर खाण्यापिण्यासाठी फट ठेवायची, ही त्याची युक्ती. 'गनिंग स्प्लिंट' हे नाव आजही दात नसलेल्या म्हाताऱ्यांच्या जबड्यासाठी घेतलं जातं. पुढे १८८७ मध्ये गिल्मर नावाच्या दंतवैद्याने खालचे दात वरच्या दातांना तारेने बांधायची पद्धत मांडली. ती तर अजून चालू आहे.

मग पहिलं महायुद्ध आलं. खंदकात उभ्या असलेल्या माणसाचं धड मातीआड असतं, डोकं वर निघतं. पोलादी शिरस्त्राणं आल्यावर कवटी वाचू लागली, माणूस जगू लागला, पण चेहरा उघडाच. तोफगोळ्याचे तुकडे गाल, नाक, जबडा उडवून नेत. अशी जिवंत माणसं एवढ्या संख्येने पूर्वी कधी कुठल्या डॉक्टरसमोर आली नव्हती.

ब्रिटिश फौज १९१४ मध्ये फ्रान्सला गेली तेव्हा तिच्याबरोबर एकही दंतवैद्य नव्हता. सेनापती हेगची दाढ दुखायला लागली, तेव्हा पॅरिसहून दंतवैद्य बोलवावा लागला. सरकारला जाग यायला साहेबाची दाढ दुखावी लागते, हे तिकडेही आहे. त्यानंतर दंतवैद्य भरती झाले. त्याच सुमारास चार्ल्स व्हॅलाडियर हा पॅरिसमध्ये व्यवसाय करणारा दंतवैद्य बुलोनजवळच्या विमरू इथे जबड्याच्या जखमींचा विभाग चालवू लागला. हा माणूस श्रीमंत आणि हौशी. रोल्स-रॉइसमध्ये दाताची खुर्ची बसवून फिरायचा. पण काम पक्कं. जबड्याच्या जखमा तो पाण्याच्या जोरदार धारेने पुन्हा पुन्हा धुवायचा, सडलेलं काढायचा, तुकडे दातांच्या आधाराने धरायचा. मात्र दंतवैद्याला एकट्याने शस्त्रक्रिया करायला परवानगी नव्हती; देखरेखीला सर्जन हवा. म्हणून १९१५ मध्ये न्यूझीलंडमध्ये जन्मलेला कान-नाक-घशाचा एक तरुण सर्जन त्याच्याजवळ येऊन उभा राहिला. त्याचं नाव हॅरोल्ड गिलीज. देखरेख करायला आलेला गिलीज शिकून परत गेला.

याच काळात हार्वर्डच्या तुकडीबरोबर वाराझ्टाड काझांजियन आला. हा आर्मेनियन. पोरवयात अमेरिकेत आला तेव्हा मॅसॅच्युसेट्समधल्या तारेच्या कारखान्यात मजुरी केली आणि मग दंतवैद्य झाला. तार वाकवायची हातोटी त्याला कारखान्याने दिली आणि तीच फ्रान्समधल्या जखमींच्या जबड्यांवर उपयोगी पडली. युद्धानंतर चाळिशीच्या उंबऱ्यावर तो वैद्यकीय महाविद्यालयात विद्यार्थी म्हणून बसला आणि पुढे हार्वर्डमध्ये प्लास्टिक सर्जरीचा प्राध्यापक झाला. पुण्याचा कुंभार आणि हा तारेचा कामगार यांच्यात मला तरी फार अंतर दिसत नाही. फरक एवढाच की याला पुढे शिकायची दारं उघडी होती.

विल्यम केल्सी फ्राय हा असा तिसरा दंतवैद्य. वैद्यकीय आणि दंत अशा दोन्ही पदव्या त्याच्याकडे होत्या. आघाडीवर असताना जबडा उडालेला एक जवान त्याच्या हाती आला. फ्रायने त्याचं डोकं पुढे झुकवून धरलं. रक्त आणि लाळ खाली पडत राहिली, श्वास चालू राहिला, जवान स्वतःच्या पायांनी मागच्या ठाण्यापर्यंत पोहोचला. तिथे त्याला नियमाप्रमाणे स्ट्रेचरवर उताणं झोपवलं, आणि तो गुदमरून मेला. खालच्या जबड्याची पुढची बाजू मोडली की जिभेला पुढून धरणारा आधारच जातो. माणूस उताणा झाला की जीभ घशात पडते, वर रक्त साचतं. यानंतर चेहऱ्याच्या जखमींना बसवून, पुढे वाकवून किंवा पालथं न्यावं असं शिकवलं जाऊ लागलं. शंभर शस्त्रक्रियांनी वाचले नसतील तितके जीव एवढ्या एका गोष्टीने वाचले असतील असं मला वाटतं.

१९१६ मध्ये सोमच्या लढाईने गिलीजचा ऑल्डरशॉटचा विभाग भरून वाहू लागला, आणि ऑगस्ट १९१७ मध्ये लंडनजवळ सिडकपला फक्त चेहऱ्याच्या जखमींसाठी क्वीन्स हॉस्पिटल उघडलं. तिथे पाच हजारांहून अधिक रोगी आले, अकरा हजारांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. गिलीज आणि केल्सी फ्राय शेजारी उभे राहून काम करत: सर्जनकडे कातडी-मांस, दंतवैद्याकडे हाड आणि दात. तोंडाचंच काम करायचं तर भुलीचा मुखवटा ठेवायचा कुठे, या अडचणीतून मॅगिल आणि रोबोटॅम या भूलतज्ज्ञांनी श्वासनलिकेत नळी घालून भूल द्यायची पद्धत तिथेच घडवली. आज मोठ्या शस्त्रक्रियांत घशात जी नळी घालतात तिचं मूळ या मोडक्या चेहऱ्यांत आहे. आणि जसा कावसजीला वेल्स भेटला, तसा इथेही चित्रकार होता. हेन्री टोंक्स, स्वतः आधी सर्जन, नंतर कलाशिक्षक. त्याने त्या जवानांची खडूने काढलेली चित्रं पाहवत नाहीत आणि नजरही हटत नाही.

कपाळाच्या कातडीची जुनी उणीवही सिडकपला भरून निघाली. गिलीजने नियम घातला की बांधकाम आतून बाहेर करायचं: आधी अस्तर, मग हाड किंवा कूर्चा, शेवटी कातडी. पुढे १९२७ मध्ये त्याने किल्नर आणि स्टोन या सहकाऱ्यांबरोबर गालाच्या हाडासाठी एक साधी युक्ती प्रसिद्ध केली. आत दबलेलं गालाचं हाड वर काढायचं तर गालाला चीर द्यायची गरज नाही. कानशिलावर, केसांच्या आत छोटी चीर घ्यायची, स्नायूवरच्या आवरणाखालून पहार सरकवायची आणि हाड खालून उचलायचं. 'टक्' आवाज होतो, हाड जागेवर येतं, वण केसांत लपतो. सोलापुरातला सर्जनही आज हेच करतो.

आपल्याकडे ही विद्या परत आली तीही युद्धाच्याच वाटेने. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ च्या फेब्रुवारीत, हिंदी सैन्याचं स्वतंत्र दंतदल उभं राहिलं, आणि जबडा-चेहऱ्याच्या शस्त्रक्रियेची खास पथकं ब्रह्मदेशाच्या आघाडीवरच्या जखमींसाठी काम करू लागली. मुंबईत नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय १९३३ पासून होतंच. स्वातंत्र्यानंतर नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सी. बालकृष्णन यांनी प्लास्टिक सर्जरीचा स्वतंत्र विभाग बांधला. दुभंगलेले ओठ आणि टाळू यांचं त्यांनी केलेलं वर्गीकरण 'नागपूर वर्गीकरण' म्हणून ओळखलं जातं. १९५७ मध्ये देशातल्या प्लास्टिक सर्जनांची संघटना नागपुरात सुरू झाली, तेव्हा उद्घाटनाला पंच्याहत्तरीचे सर हॅरोल्ड गिलीज आले होते. पुण्याच्या कुंभाराची कपाळाची कातडी कार्प्यूमार्गे ज्याच्या हाती पोहोचली, तो माणूस महाराष्ट्राच्या भूमीवर उभा होता.

गिलीजचाच एक शिष्य डॉ. नोशिर अंतिया. जन्म हुबळीचा, १९२२ चा. पुण्यात कुष्ठरोग्यांची बसलेली नाकं आणि वाकडे हात त्याने दुरुस्त केले, १९५८ मध्ये जे. जे. रुग्णालयात टाटा प्लास्टिक सर्जरी विभाग सुरू केला. कीर्तीच्या शिखरावर असताना हा सर्जन मुंबईसमोरचा समुद्र ओलांडून मांडवा या गावी गेला आणि फारशा न शिकलेल्या बायकांना आरोग्याचं काम शिकवू लागला. गावातले बहुतेक आजार या बायका सांभाळू शकतात, डॉक्टरांनी ज्ञानावरची मक्तेदारी सोडावी, हे तो आयुष्यभर बोलत राहिला. सहव्यवसायी चिडले. पण ज्याने आपल्या शास्त्राचा इतिहास वाचला होता, त्याला दुसरं काय वाटणार? हे शास्त्र मुळात कुंभाराच्या ओसरीतून निघालं होतं.

मक्तेदारी अजून संपलेली नाही, फक्त तिचे वाटेकरी वाढले आहेत. मुख-जबडा शल्यचिकित्सकांची संघटना १९६९ मध्ये झाली. हे लोक दंतवैद्यकातून येतात. प्लास्टिक सर्जन वैद्यकातून येतात, कान-नाक-घसावाले आपल्या बाजूने. मोडलेला चेहरा कोणाचा यावर मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांत कुरबुरी चालतात. सिडकपला दोन खुर्च्या शेजारी ठेवून हा वाद मिटला होता, एवढंच नमूद करतो.

पूर्वी जबडा मोडला की दात सहा आठवडे बांधून ठेवत. खालचा जबडा घोड्याच्या नालासारखा, म्हणून एका बाजूला मार बसला की पुष्कळदा दुसऱ्या बाजूला कानाजवळही मोडतो. दोन्हीकडचं जुळायला वेळ लागतो. तेवढे दिवस हुलग्याचं माडगं, ताक, गाळलेलं वरण, सगळं नळीने. कडक भाकरी विसरायची. ओकारी आली तर गुदमरू नये म्हणून तार कापायची कात्री उशाशी ठेवावी लागे. १९७० च्या दशकात फ्रान्समधल्या मिशले आणि स्ट्रासबुर्गच्या शांपी या सर्जनांनी हे चित्र बदललं. चावताना जबड्याच्या वरच्या कडेवर ताण येतो आणि खालच्या कडेवर दाब, हे त्यांनी मोजून दाखवलं. मग ताणाच्या रेषेवर एक बारीक पट्टी चार स्क्रूंनी बसवली तरी पुरते, जाडजूड धातूची गरज नाही. ही पट्टी तोंडाच्या आतून बसते, बाहेर वण राहत नाही. हल्ली ती टायटॅनियमची असते. तरीही टेबलावर पहिलं काम तेच: दात बांधून चावा जुळवून घ्यायचा, मग पट्टी. सीटी स्कॅन आलं, संगणक आले, मोजपट्टी मात्र दातांचीच राहिली.

आता हे सगळं दुधनीत कसं पोहोचतं ते पाहू. दुधनी म्हणजे अक्कलकोट तालुक्याच्या टोकाचं बाजाराचं गाव. सोलापूर-वाडी लोहमार्गावर स्टेशन, घरात कानडी, व्यवहारात मराठी, बाजार समितीत तूर, मूग, उडीद. पलीकडे कर्नाटक. अक्कलकोटला स्वामींचं दर्शन घेऊन गाणगापूरला निघालेले भाविक इकडूनच जातात, एका मोटारसायकलवर तिघे-तिघे. हंगामात मागे दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात. टिपूची माणसं आता नाहीत. चेहरे मोडायला ट्रॉलीची मागची फळी पुरते. इथून सोलापूर सत्तरेक किलोमीटर. १९६३ मध्ये सुरू झालेलं डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेलं 'सिव्हिल' तिथे आहे. काही जण उलट दिशेने कलबुर्गी गाठतात.

या भागात हातपाय मोडला की धावपळ होते. चेहऱ्याचं तसं होत नाही. तोंड सुजतं, डोळे काळेनिळे होतात, गालावर टाके पडतात आणि 'सूज आहे, उतरेल' म्हणून माणूस घरी येतो. सूज उतरते तेव्हा गाल एका बाजूला बसलेला दिसतो, एकाचे दोन दिसतात, भाकरी चावत नाही. चेहऱ्याची हाडं दोन-तीन आठवड्यांत वाकडीच जुळू लागतात. मग सरळ करायला ती पुन्हा मोडावी लागतात. म्हणजे शास्त्र तयार आहे, रस्ताही आहे. कमी पडतं ते पहिल्या तासातलं आणि पहिल्या आठवड्यातलं साधं ज्ञान, जे सांगायला सर्जन लागत नाही. अंतियांच्या मांडव्याच्या बायकांनी ते एका दुपारी शिकून घेतलं असतं.

म्हणून दुधनी-अक्कलकोट रस्त्यावर, किंवा कुठल्याही रस्त्यावर, तोंड फुटलेला माणूस दिसला तर एवढं करा. शुद्धीवर असेल आणि मानेला मार नसेल तर त्याला बसवा, डोकं पुढे झुकवा. शुद्ध नसेल तर मान न पिळता कुशीवर वळवा. उताणं झोपवू नका. तोंडातलं रक्त, तुटके दात बोटाने बाहेर काढा. अख्खा पडलेला दात मुळाला हात न लावता दुधात टाकून बरोबर द्या. १०८ ला फोन करा. पोलिसांच्या फेऱ्याची भीती नको. २०१९ पासून मोटार वाहन कायद्यातच मदत करणाऱ्याला संरक्षण आहे. स्वतः गाडी चालवणार असाल तर अर्धं हेल्मेट कवटी वाचवतं, जबडा नाही. हनुवटी झाकणारं घ्या. आणि दवाखान्यात टाके पडल्यावर घरी परतण्याआधी रोग्याला दात मिटायला सांगा. पूर्वीसारखे बसत नसतील, गाल बधिर असेल, एकाचे दोन दिसत असतील किंवा नाकातून पाणी गळत असेल, तर सूज उतरायची वाट न पाहता त्याच दिवशी सोलापूर नाहीतर कलबुर्गी गाठा आणि डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा: दात बसत नाहीत.